गाईच्या पोटात तार, खिळा, प्लास्टिक: इंदूर-महू भागातल्या पशुपालकांचे नेहमीचे प्रश्न

इंदूरच्या लोकमान्यनगर किंवा सुदामानगरात राहून खंडवा रोडला, सिमरोलला, हातोदला दोन-चार गाई ठेवणारी मराठी घरं बरीच आहेत. पिढ्यान्‌पिढ्या शेतीच करणारीही आहेत. दोघांचे प्रश्न जवळपास सारखेच असतात आणि बहुतेक वेळा ते उशिरा विचारले जातात. म्हणून ते इथे एकत्र केले आहेत.

एवढी शहाणी गाय, तिला खिळा आणि कडबा यातला फरक कळत नाही?

नाही कळत. शेळी ओठांनी चाचपून, निवडून खाते. गाय जिभेनं वेटाळा घालते, घास ओढते, दोन-चारदा चावते आणि गिळून टाकते. नीट चावण्याचं काम नंतर, रवंथ करताना. तिच्या जिभेवरचे काटे घशाच्या दिशेनं वळलेले असतात. तोंडात काही टोचलं तरी ते बाहेर टाकणं तिला अवघड जातं, आत ढकलणं सोपं. गव्हाणीत पडलेली तार ही तिच्या दृष्टीनं घासाचाच भाग. भुकेली असेल, शेजारची गाय ढुशी देत असेल तर आणखी घाईनं खाते.

गिळलेला खिळा जातो कुठे? शेणावाटे पडून जात नाही का?

क्वचितच. जड वस्तू कोठीपोटात (गाईच्या पोटाचा सगळ्यात मोठा कप्पा) फार काळ तरंगत राहत नाही, ती त्याच्या पुढच्या कप्प्यात, जाळीपोटात, जाऊन बसते. या कप्प्याच्या आतल्या बाजूला मधमाशांच्या पोळ्यासारखे षट्‌कोनी खण असतात आणि टोकदार वस्तू त्यात अडकते. नुसती अडकून बसली तर गाय वर्षानुवर्षं धडधाकट राहू शकते. कत्तलखान्यात किंवा शवविच्छेदनात निरोगी गाईंच्या जाळीपोटातही गंजके खिळे सापडतात ते यामुळेच.

घात होतो तो जाळीपोटाच्या हालचालीनं. हा कप्पा साधारण मिनिटाला एकदा जोरात आकसतो. प्रत्येक आकसण्याबरोबर तारेचं टोक भिंतीत थोडं अधिक रुतत जातं. भिंतीच्या पलीकडे श्वासपटल (पोट आणि छाती यांच्यामधला पडदा), आणि श्वासपटलाच्या पलीकडे काही सेंटिमीटरवर हृदय. गाय गाभण असेल तर वाढतं गर्भाशय मागून दाब देतं, विताना कळा देताना तो आणखी वाढतो. म्हणून आठव्या-नवव्या महिन्यात किंवा नुकत्याच व्यायलेल्या गाईत ही दुखणी एकदम वर येतात. तार मात्र चार महिन्यांपूर्वीची असू शकते.

आमच्या गोठ्याजवळ उकिरडा नाही. इंदूर तर २०१७ पासून स्वच्छतेत पहिलं. मग तार येते कुठून?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण उत्तर लोकांना आवडत नाही. तार बहुतेक वेळा आपल्याच हातून येते. रस्त्यावरच्या कचऱ्यात पॉलिथिन मिळतं हे खरं, पण टोकदार लोखंड येतं ते गोठ्याच्या, कुंपणाच्या, घराच्या दुरुस्तीतून.

शेडचे पत्रे बदलले, स्लॅब टाकला, तारेचं कुंपण ओढलं. मिस्त्री सळ्या बांधायची बारीक काळी तार कापतो, तुकडे जागेवर पडतात, वरून माती येते. पुढच्या पावसात तिथे गवत उगवतं आणि गाय तेच खाते. वेल्डिंगच्या रॉडची उरलेली टोकं, पत्र्याचे खिळे, वॉशर, सगळं तसंच. बांधकाम चालू असलेल्या जागेत जनावर सोडू नये, आणि काम संपल्यावर एक मोठं चुंबक दोरीला बांधून सगळ्या जमिनीवरून फिरवावं. काय काय चिकटतं ते बघितलं की पुढे सांगावं लागत नाही.

दुसरं ठिकाण कुट्टी मशीन. हातभर लांब तार गाय सहसा गिळत नाही, तोंडात लोंबकळते आणि आपल्याला दिसते. पण हीच तार कडब्याच्या पेंढीबरोबर कुट्टीत गेली की पात्यांनी तिचे बोट-बोटभर तुकडे होतात, दोन्ही टोकं धारदार. एका तारेच्या डझनभर सुया, आणि त्या कुट्टीत समान मिसळलेल्या. पेंढी तारेनं कधीही बांधू नये. आलीच तर सोडवलेली तार खिशात घालावी, बाजूला फेकू नये. मशीनच्या तोंडाशी, माल घसरतो त्या पत्र्यावर एक पट्टी चुंबक बसवून घेतलं तर खर्च एका डॉक्टर-भेटीपेक्षा कमीच येतो.

तिसरं, टायर. आपल्याकडे जुन्या टायरच्या गव्हाणी सर्रास असतात. रेडियल टायरच्या आत पोलादी तारांची जाळी असते. रबर उन्हानं तडकलं की या केसासारख्या तारा बाहेर येतात आणि खुराकात पडतात. पौष-माघाच्या थंडीत चौकात टायर जाळून शेकतात, तिथेही राखेत फक्त तारा उरतात. ती राख खत म्हणून शेतात टाकू नका.

गव्हाचा भुसाही तपासायला हवा. हार्वेस्टर गेल्यावर उरलेल्या नरवाईवर (गव्हाच्या खुंटांवर) भुसा मशीन फिरवतात, ती जमिनीलगत चालते, बांधाजवळचं कुंपण असेल तर त्याचे तुकडेही गोळा करते. भुसा विकत घेताना कोणत्या शेतातला हे विचारणारे फार थोडे.

बाकी किरकोळ गोष्टी: पोतं शिवायची दाभण, इंजेक्शनच्या सुया (आमचे पशुवैद्य व्यवसायबंधूही यात कमी नाहीत), खराट्याला बांधलेली तार, हेअरपिन, पतंगाचा मांजा.

कोणती लक्षणं दिसली की तारेची शंका घ्यायची?

दूध एका दिवसात धाडकन निम्म्यावर येणं, हे पहिलं. काल संध्याकाळी आठ लिटर, आज सकाळी तीन, आणि बाहेरून काही दिसत नाही. त्याच वेळी चारा सोडते, रवंथ बंद होतं. ताप बेताचाच, १०३ ते १०४ फॅरनहाइटच्या आसपास (निरोगी गाईचा साधारण १०१ ते १०२).

मग तिची उभं राहण्याची ढब बघा. पाठ कमानीसारखी वर, पोट आवळलेलं, पुढच्या पायांची कोपरं छातीपासून दूर. चालायला तयार नसते, वळताना सगळं अंग एकदम वळवते. उतारावरून खाली जायला तर साफ नकार, कारण उतारावर पोटातला भार पुढे येतो. बसताना, उठताना, शेण टाकताना ‘हंऽ’ असा कण्हण्याचा आवाज येतो. सकाळी गोठ्यात पंखा, मोटार, मोबाइल बंद करून दोन मिनिटं शांत उभं राहिलं तर तो ऐकू येतो.

घरी खात्री करण्याची काही युक्ती?

एक सोपी आहे. खांद्याच्या उंचवट्यावर, मानेच्या मुळाशी कातडी दोन्ही हातांनी घट्ट चिमटीत धरून दाबा. निरोगी गाय पाठ खाली वाकवते. जिच्या जाळीपोटात टोचत असतं ती वाकवत नाही, श्वास रोखते किंवा कण्हते. घरच्यापैकी एकानं गळ्याजवळ कान लावून ऐकावं.

छातीखालून बांबू घालून दोघांनी उचलायची पद्धतही जुनी आहे. ती मात्र डॉक्टरांवर सोडा. पोटात आधीच भोक पडलेलं असेल तर तुमच्या जोरानं ते वाढेल. धातूशोधक यंत्र ‘टीं’ वाजलं म्हणजे निदान झालं असंही नाही. पोटात लोखंड आहे एवढंच त्यातून कळतं, ते टोचतंय की निवांत पडलंय हे कळत नाही. खरी मदत होते ती रक्ततपासणीची, सोनोग्राफीची आणि सोय असेल तिथे एक्स-रेची.

अपचन असेल. दोन दिवस हिंग-ओवा, पाचक पावडर देऊन बघू?

साध्या अपचनात गाय सुस्त असते, पण तिला दुखत नसतं. पाठ कमानलेली आणि कण्हणं असेल तर दोन दिवस बघत बसू नका. टोक भिंतीतून पार होण्याच्या सुरुवातीच्या काळात पोटाची पडदी ती जागा चिकटवून बंद करायचा प्रयत्न करते. या काळात गाय जितकी स्थिर तितकं बरं. अशा वेळी तिला जबरदस्तीनं फिरवणं, पोटावर मालिश करणं, बाटलीनं तेल पाजणं यांनी नुकसानच होतं. तेल श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनियाची वेगळी भर.

मध्य प्रदेशात १९६२ या क्रमांकावर फोन केला की पशुवैद्यकाची गाडी येते. तोवर तिला सपाट जागी बांधा आणि पुढचे पाय वीतभर उंच राहतील अशी माती किंवा फळी खाली घाला. भार मागे जातो, टोचणं कमी होतं.

डॉक्टर ऑपरेशन न करता बरी करू शकतात का?

बरेचदा, लवकर बोलावलं तर. पोटात चुंबक सोडतात, प्रतिजैविकांचा कोर्स देतात, पुढचे पाय उंच ठेवून गाय एका जागी बांधायला सांगतात. दोन-तीन दिवसांत ती चारा मागू लागली, रवंथ सुरू झालं तर गाडी रुळावर आली म्हणायची. तरी पंधरा दिवस तरी सोडू नये, माजावर आलेल्या गाईंपासून दूर ठेवावी. तीन दिवसांत फरक नाही तर पुढचा मार्ग ऑपरेशनचा.

हे चुंबक म्हणजे काय? सगळ्याच गाईंना द्यावं का?

बोटाएवढं, तीनेक इंच लांब, गुळगुळीत कडांचं दंडगोल चुंबक. बोलस (मोठी औषधी गोळी) देतात तशा नळीनं घशात सोडतात. ते जाळीपोटात बसतं, जन्मभर तिथेच राहतं आणि येणारे लोखंडाचे तुकडे स्वतःला चिकटवून घेतं. आधी काही तास उपाशी ठेवलं तर ते बरोबर जागी पोचतं. गाईला आधीच चुंबक दिलंय की नाही हे बघायला छातीच्या डाव्या बाजूला कोपराच्या मागे होकायंत्र धरा. आत चुंबक असेल तर काटा भरकटतो. नवीन विकत घेतलेल्या गाईला हे करूनच बघावं. दुसरं चुंबक विनाकारण देऊ नये.

कालवड वर्षाची होत आली की, निदान पहिल्यांदा गाभण राहण्याआधी द्यावं, हे माझं मत. विशेषतः गोठ्यात कुट्टी मशीन असेल किंवा भुसा विकतचा असेल तर. पण त्याच्या मर्यादा माहीत हव्यात. तांबं, अॅल्युमिनियम, बरंचसं स्टेनलेस स्टील त्याला चिकटत नाही. भिंतीत आधीच रुतून बसलेली तार ते ओढून काढेलच असं नाही. आणि स्पीकर फोडून काढलेला चुंबक किंवा खेळण्यातले छोटे जोरदार चुंबक गाईला देऊ नका. एक ठिसूळ, दुसरे दोन कप्प्यांच्या भिंती मध्ये धरून एकमेकांना चिकटतात.

ऑपरेशनमध्ये नेमकं काय करतात? गाय वाचते का?

गाय उभीच असते. डाव्या कुशीत सुन्न करणारी इंजेक्शनं देऊन चीर घेतात, कोठीपोट उघडतात, त्यातला चारा काढून हात थेट जाळीपोटात घालून प्रत्येक खण चाचपतात. तार मिळाली की जिकडून रुतली त्याच वाटेनं मागे ओढतात. मग पोट आणि कातडी थराथरानं शिवतात. टाके साधारण दोन आठवड्यांनी निघतात.

संसर्ग पोटात पसरण्याआधी झालेल्या ऑपरेशनचे निकाल चांगले असतात. महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात (१९५५ पासून चालू आहे) शस्त्रक्रियेचा विभाग आहे. इंदुरातून पंचवीसेक किलोमीटर. नेताना गाडी हळू चालवा आणि गाय वाळूच्या किंवा भुश्याच्या थरावर उभी करा. उतार-चढावर ब्रेक लागला की सगळा भार पुढे येतो.

गळ्याखाली, छातीच्या पुढे सूज आली आहे. डॉक्टर आता काही उपयोग नाही म्हणाले. खरंच का?

बहुधा खरं. तार हृदयाच्या आवरणात शिरली की तिथे पू आणि पाणी साचतं. मानेची शीर जाड दोरीसारखी फुगलेली दिसते, गळपोळी (गळ्याखाली लोंबणारी कातडी) आणि छातीखालचा भाग पिठासारखा दबतो. डॉक्टरांना नळीतून ठोक्याऐवजी पाण्याचा डबडब आवाज येतो. या टप्प्यावर उपचार करून गाय वाचणं दुर्मीळ. पैसे आणि तिचे हाल, दोन्हीचा विचार करून डॉक्टरांचं ऐकावं.

म्हशीलाही हेच होतं का?

होतं, आणि तिच्यात एक वेगळी गोष्ट दिसते. टोचून कमकुवत झालेलं श्वासपटल फाटतं आणि जाळीपोट छातीत घुसतं. व्यायल्यानंतर म्हैस वारंवार फुगते, औषधानं उतरते, पुन्हा फुगते, हळूहळू वाळत जाते. अशा म्हशीला नुसते फुगवट्याचे डोस देत राहू नका. एक्स-रे किंवा सोनोग्राफी करून घ्या.

प्लास्टिकनं तर टोचत नाही. मग त्याचं काय?

ते टोचत नाही, साठतं. कोठीपोटातून पुढे जाण्याची वाट बारीक आहे. चारा चावून बारीक झाला की जातो, पिशवी कधीच बारीक होत नाही. एकेक पिशवी, सुतळी, नायलॉनचा दोर, पोत्याचा धागा यांचा गुंता वळत वळत मोठा गोळा होतो. पोट भरलेलं वाटतं म्हणून गाय कमी खाते, अधूनमधून फुगते, शेण कधी घट्ट कधी पातळ, दूध हळूहळू उतरतं. २०२१ साली फरिदाबादला रस्त्यावरच्या एका गाभण गाईच्या पोटातून ७१ किलो कचरा निघाला होता, बहुतेक प्लास्टिक. गाय आणि वासरू दोन्ही वाचले नाहीत.

पिशवी विरघळवणारं औषध नाही. एरंडेल, सोडा, साबणाचं पाणी, यातल्या कशानंही गोळा सुटत नाही. उपाय ऑपरेशनच. कायद्यानं ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशवीला बंदी आहे, पण भाजीच्या हातगाडीवर ती अजून मिळते, हे आपण सगळेच जाणतो.

एक गोष्ट विकत घेणाऱ्यांसाठी. इंदूरचे बरेच गोठे गेल्या काही वर्षांत हद्दीबाहेर गेले, गाईही हातोहात विकल्या गेल्या. गल्लीबोळात चरत वाढलेली गाय स्वस्त मिळत असेल तर डावी कूस मुठीनं दाबून बघा. मऊ कणकेसारखी न लागता आत गाठोडं लागलं, किंवा अंगावर मांस नसताना पोट मात्र सुटलेलं असलं, तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय व्यवहार करू नका.

बटाटा घशात अडकला तर हातानं किंवा काठीनं ढकलायचा का?

काठी अजिबात नाही. अन्ननलिका फाटते आणि मग काही करता येत नाही. हा प्रश्न आपल्याकडे खास येतो, कारण इंदूर, देपालपूर, सांवेरचा पट्टा बटाट्याचा. चिप्सच्या मालातून छाटलेले लहान बटाटे गाईंपुढे पोत्यानं ओततात. गाय मान वर करून घाईनं गिळते आणि अडकतो. लाळ गळते, मान ताणलेली, खोकते, आणि पोटातला वायू बाहेर येऊ शकत नसल्यानं डावी कूस भराभर फुगते. यात वेळ तासांत मोजायची असते. डोकं खाली राहील असं बांधा, तोंडात पाणी-तेल काही ओतू नका, लगेच फोन करा.

बटाटे, बीट, गाजर कापून किंवा ठेचून द्या. आंब्याच्या कोयी उन्हाळ्यात घरोघरी गाईसाठी बाजूला ठेवतात, तेही बंद करा. हिरवे पडलेले, कोंब फुटलेले बटाटे तर कापूनही नकोत, त्यात विष असतं.

जुन्या बॅटरीजवळ वासरं चाटत होती. घाबरायचं का?

हो. ई-रिक्षाच्या आणि ट्रॅक्टरच्या बॅटरीत शिसं असतं, त्याला गोडसर चव असल्यानं जनावरं चाटतात. प्लेटचा तुकडा जाळीपोटात बसला तर शिसं दिवसेंदिवस रक्तात उतरत राहतं. डोळ्यांना दिसेनासं होणं, डोकं भिंतीला लावून ढकलणं, दात खाणं, झटके येणं ही लक्षणं. वासरं यात लवकर जातात. रेबीजशी गल्लत होऊ शकते, म्हणून तोंडात हात घालू नका.

आमची गाय दोर, चपला, धुतलेले कपडे, हाडंसुद्धा चघळते. खोडच आहे का?

खोड क्वचित, बहुतेकदा कमतरता. स्फुरद (फॉस्फरस) आणि मिठाची उणीव असली की गाय नको ते चघळते. पोटात जंत असले तरीही. फक्त भुशावर ठेवलेल्या गाईत हे जास्त दिसतं. मोठ्या गाईला रोज साधारण ५० ग्रॅम खनिज मिश्रण आणि थोडं मीठ द्या, जंतनाशक वेळेवर द्या. हाडं मात्र लगेच बंद करा. मेलेल्या जनावरांच्या हाडांतून येणाऱ्या विषानं गाय लुळी पडून मरते.

देवळातलं निर्माल्य आणि वसुबारसेचा नैवेद्य गाईला द्यावा की नाही?

फुलं द्यायला हरकत नाही. हरकत आहे ती फुलांबरोबरच्या दोऱ्याला, जरीला, चमकीला, टाचणीला आणि हाराचा आकार धरून ठेवणाऱ्या बारीक तारेला. गोशाळेत हार पाठवणाऱ्यांनी दोरा ओढून सुट्या पाकळ्या द्याव्यात. नवरात्रात, गणपतीत एवढा वेळ नसेल तर खताच्या खड्ड्यात घालावं. ते काही कमी पुण्याचं नाही.

वसुबारसेला शहरातून बायका हौसेनं गोठ्यावर येतात, पानावर नैवेद्य आणतात आणि पान पिशवीत. गोठेवाल्यानं दारातच एक बादली ठेवावी, पिशवी तिथे घ्यावी. पुरणपोळी एखादी ठीक, पण पंचवीस घरच्या पोळ्या एकाच गाईला दिल्या तर पोटातलं आंबट होऊन ती दुसऱ्याच कारणानं आडवी होईल. पाडव्याला शिंगांना बांधलेल्या चमकीच्या झुरमुळ्या आणि फुगे त्याच संध्याकाळी काढून टाका. एकीच्या शिंगावरचं शेजारची ओढून खाते.

उपचार चालू असताना दूध वापरायचं का?

प्रतिजैविकं चालू असताना आणि औषधाच्या पाकिटावर लिहिलेली मुदत संपेपर्यंत नाही. ते घरीही नको, वासरालाही नको, सांची डेअरीच्या दूध संकलनावर तर नकोच. प्रत्येक औषधाची मुदत वेगळी, ती डॉक्टरांकडून तारखेसह लिहून घ्या आणि गोठ्याच्या भिंतीवर खडूनं मांडा, म्हणजे दूध काढणारा माणूस बदलला तरी गोंधळ होत नाही. शिशाची शंका असेल तर रक्त तपासून डॉक्टर सांगेपर्यंत दूध ओतून द्यायचं.